पीळ, थरथर आणि पुढची पुली

पावसाळी मासेमारीबंदी लागली की रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात बोटींची इंजिनं उघडायला सुरुवात होते. लांब डिझेल इंजिनाच्या पुढच्या टोकाला, बेल्टच्या पुलीजवळ, काही वेळा एक जड, बंद डबा दिसतो. त्याला उघडायला स्क्रू नाही, बाहेरून हलणारं काही नाही. नवशिक्या पोराला ते फुकटचं वजन वाटतं. जाणते मिस्त्री मात्र त्याला हातोडी लावू देत नाहीत. पत्रा चेपला तर आतली जड कडी अडकते, आणि मग तो डबा नुसता लोखंडाचा गोळा.

हौशी मोटारवाले सुपरचार्जरच्या (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या यंत्राच्या) इंजिनावर बाहेरच्या कंपनीचा जो ‘बॅलन्सर’ बसवतात, तो याच घराण्यातला. नावानेच घोटाळा केला आहे. तोल सांभाळणं हे त्याचं मुख्य काम नव्हे. त्याचं काम पीळ शमवण्याचं, म्हणून त्याचं खरं नाव डॅम्पर. सिलिंडरमध्ये इंधन पेटलं की दर वेळी क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, किंचित पिळतो आणि उलटा फिरून सुटतो. पडवीतल्या झोपाळ्याला नेमक्या वेळी बोटभर धक्का देत राहिलं की झोका वाढतच जातो. तसंच इथे: इंधन पेटण्याचा ठेका आणि शाफ्टची स्वतःची थरथर एका वेगावर जुळली की पोलाद तुटतं. शाफ्ट जितका लांब, तितका हा नको असलेला वेग रोजच्या चालीत येण्याचा संभव जास्त.

म्हणूनच हा आजार आधी सहा सिलिंडरच्या गाड्यांना जडला. इंग्लंडमध्ये 1904 च्या सुमारास नेपियर कंपनीच्या सहा सिलिंडरच्या गाड्या गाजल्या, आणि त्यांचा खडखडाटही. विक्रेत्यांनी त्याला ‘ताकदीचा खडखडाट’ असं गोंडस नाव दिलं होतं! रोल्स-रॉइसचे हेन्री रॉइस यांच्या सहा सिलिंडरच्या गाडीचे शाफ्ट तुटले, तेव्हा त्यांनी घर्षणाने झटका खाणारी रचना बसवली. इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1910 मध्ये डॅम्परचं पेटंट घेतलं. कल्पना साधी होती: शाफ्टच्या टोकाला सैल, जड चकती ठेवायची. शाफ्ट थरथरला तरी चकती आपल्या चालीने फिरत राहते आणि दोघांमधल्या घर्षणात थरथर उष्णता होऊन विरते. एवढं माहीत असूनही मे 1929 मध्ये अमेरिकेला निघालेल्या ‘ग्राफ झेपेलिन’ या हवाई जहाजाची पाचपैकी चार इंजिनं वाटेत बंद पडली आणि ते फ्रान्समध्ये उतरवावं लागलं. कारण पुन्हा तोच पीळ.

पुढे दोन वाटा झाल्या. एका वाटेत मधल्या चाकावर रबराच्या पट्टीने बाहेरची कडी धरलेली असते. ही स्वस्त आहे, पण ठरावीक थरथरीला जुळवलेली. दुसरीत, म्हणजे त्या बंद डब्यात, कडी घट्ट सिलिकॉन द्रवात तरंगते. हा द्रव तापला तरी खनिज तेलाइतका पातळ होत नाही.

सुपरचार्जरची कथा वेगळ्या दिशेने आली. रूट्स बंधूंनी अमेरिकेत 1860 मध्ये हवा ढकलण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती. मर्सिडीजने 1921 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जरच्या गाड्या मांडल्या. जनरल मोटर्सच्या 1938 च्या ‘71’ मालिकेतल्या दोन-स्ट्रोक डिझेलला ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारं तेच यंत्र, लागायचाच. ही इंजिनं महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटींत गेली आणि युद्धानंतर त्यांचे ब्लोअर शर्यतीच्या गाड्यांवर चढले. शर्यतवाल्यांना हा दागिना समुद्रावरूनही मिळाला, ही गोष्ट कोकणात सांगायला मला आवडते.

कोकण रेल्वेवर धावलेल्या अल्को या अमेरिकी कंपनीच्या घराण्यातल्या डिझेल इंजिनांतल्या यंत्रालाही रेल्वेवाले ‘टर्बो सुपरचार्जर’ म्हणत. पण ते धुराच्या जोरावर फिरतं, बेल्टवर नाही. बेल्टचा सुपरचार्जर मात्र क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकातून, म्हणजे नाकातूनच ताकद ओढतो. इंधन पेटण्याचा दाब वाढल्याने पीळ वाढतो, वर बेल्ट नाकाला एका बाजूला खेचतो. सगळा भार पुलीच्या बैठकीवर आणि किल्लीवर, म्हणजे पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून खाचेत बसवलेल्या पोलादी पट्टीवर, येतो. 1997 पासूनच्या जनरल मोटर्सच्या एलएस इंजिनांपैकी बहुतेकांत तर किल्लीच नाही; पुली दाबून बसवलेली, बोल्टने आवळलेली. सुपरचार्जर लावणारे म्हणून तिथे भोक पाडून पिन ठोकतात. वजन वाचवायला डॅम्परऐवजी ॲल्युमिनियमची साधी पुली घालणं मात्र मला शुद्ध वेडेपणा वाटतो: तोल शाबूत, पीळ मोकाट.

तोलाचा प्रश्न काही इंजिनांत खरोखर असतो. फोर्डच्या 302 या इंजिनात शाफ्टचा तोल साधणारं उरलेलं वजन पुढच्या पुलीत आणि मागच्या फ्लायव्हीलमध्ये (जड चाकात) ठेवलेलं आहे. आधी 28 औंस-इंच (हे असमतोलाचं माप), 1981 पासून 50. चुकीचा आकडा बसवला तर इंजिन रिकामं फिरतानाच हादरतं.

बसवताना हातोडीचा घाव थेट थ्रस्ट बेअरिंगला, म्हणजे शाफ्टला मागेपुढे सरकू न देणाऱ्या बेअरिंगला, पोचतो, म्हणून स्क्रूच्या साधनाने पुली ओढून बसवतात. आपल्याकडे आणखी एक घोर: नाकावरचा गंज. खारी हवा घासलेल्या पोलादावर लगेच तांबूस थर चढवते, तो साफ न करता पुली दाबली की बैठक खरवडते. रबराचा डॅम्पर असेल, तर मधल्या चाकापासून कडीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली, तर रबर सुटून कडी सरकली आहे. मग तिच्यावरची टायमिंगची, म्हणजे ठिणगीची वेळ जुळवायची, खूणही खोटी, आणि त्या खुणेवर विसंबून आगाऊ केलेली ठिणगी सुपरचार्जरच्या इंजिनात पिस्टन फोडू शकते.