टिलामूकच्या जंगलात जीपवाल्यांआधी कोण आलं होतं?

अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या टिलामूक जंगलात जीप घातली की दोन जातींचे रस्ते लागतात. एक डोंगराला वळसे घालत सावकाश चढणारा, दुसरा धारेवरून नाकासमोर सुटणारा. पहिला लाकडासाठी झाला, दुसरा आगीपायी.

पोर्टलंडच्या पश्चिमेच्या या डोंगरांत आधी लाकूड वाहणाऱ्या रेल्वे होत्या. डग्लस फर या सूचिपर्णी झाडाचे अजस्र ओंडके भरलेल्या गाडीला तीव्र उतार झेपत नसे, म्हणून मार्ग लांबवून, अंगाअंगाने काढलेले. १४ ऑगस्ट १९३३ला गेल्स क्रीकच्या दरीत तोड चालू असताना आग लागली. हवा कोरडी होती, काम थांबवायचा निरोपही आला होता. ‘एवढा एकच’ म्हणून ओढलेला ओंडका वठलेल्या खोडावर घासला आणि पेट घेतला, असं सांगतात. सुमारे २ लाख ४० हजार एकर जंगल गेलं. मग १९३९, १९४५, १९५१, दर सहा वर्षांनी पुन्हा वणवा! लोक याला शापच म्हणू लागले. खरं कारण साधं होतं: जळून कोळसा झालेली लाखो खोडं तशीच उभी होती, आणि ती पुन्हा पेटायला तयारच होती.

त्यातलं बरंच लाकूड आतून चांगलं होतं. ते काढायला ट्रकचे रस्ते पडले. १९४८ साली मतदारांनी पुनर्लागवडीसाठी कर्जरोख्यांना निसटती मंजुरी दिली आणि १९४९पासून काम सुरू झालं. रोपं लावण्याआधी आग अडवायला हवी, म्हणून उभी खोडं पाडून लांबलचक जाळरेषा, म्हणजे आग ओलांडू शकणार नाही असे पट्टे (इंग्रजीत ‘फायरब्रेक’), मोकळ्या केल्या. ओंडके वाहायचेच नव्हते, तेव्हा चढाची पर्वा कोण करतो! आज ब्राउन्स कॅम्पजवळची ‘फायरब्रेक फाइव्ह’ ही वाट फोर-बाय-फोरवाल्यांचा घाम काढते ती त्यामुळेच.

१९७३पर्यंत ७ कोटी २० लाखांच्या आसपास रोपं लागली. शाळकरी मुलांनी लावली, कैद्यांनी लावली. हेलिकॉप्टरमधून बीही फेकलं. त्याच वर्षी हे राज्याच्या मालकीचं जंगल (स्टेट फॉरेस्ट) म्हणून जाहीर झालं.

पोर्टलंडजवळच्या हिल्सबरो-बीव्हर्टनच्या मराठी मंडळींना टिलामूक म्हणजे चीजचा कारखाना. तिकडे जाताना महामार्ग ६ याच जंगलातून जातो. मात्र आत वळायचं असेल तर ध्यानात ठेवा, लावलेली झाडं आता तोडीला आली आहेत. वळणावर भरलेला ट्रक समोर आला तर मागे तुम्हालाच यायचंय.