शेवटची दारू कधी घेतली?

पाय मोडला म्हणून दाखल झालेला पेशंट. ऑपरेशन व्यवस्थित झालं. तिसऱ्या रात्री मात्र तो चादरीवरून काहीतरी झटकायला लागतो, 'मुंग्या आल्यात' म्हणतो, बायकोला ओळखत नाही, सलाईन उपसून टाकतो. घरच्यांना वाटतं, भुलीचा परिणाम. कुणाला बाहेरची बाधाही वाटते. दाखल करताना सिस्टरनं विचारलं होतं, 'दारू घेतात का?' उत्तर मिळालं होतं, 'कधीतरी, पार्टीला वगैरे.' प्रत्यक्षात रोज दोन क्वार्टर पोटात जात होत्या. लाजेपोटी दिलेलं हे उत्तर जिवावर बेतू शकतं.

दारू मेंदूतल्या गाबा या शांत करणाऱ्या रसायनाचा प्रभाव वाढवते आणि ग्लुटामेट या उत्तेजित करणाऱ्या रसायनाला दाबते. वर्षानुवर्षं रोज प्यायलं की मेंदू त्याला जुळवून घेतो, स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू अचानक थांबली की ही वाढीव उत्तेजना मोकाट सुटते. साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, ताप चढतो, नाडी धावते. हा डेलिरियम ट्रेमेन्स. उपचार नसतील तर माणूस दगावू शकतो. म्हणून दारू घेतात का, यापेक्षा शेवटची कधी घेतली आणि रोज किती, हे सिस्टरला जास्त हवं असतं.

पुढची राखणही तीच करते. 'हात पुढे करा, बोटं फाकवा' म्हणून कंप बघायचा, कपाळावरचा घाम बघायचा, आज वार कोणता ते विचारायचं. अशा दहा गोष्टींना गुण देणारी सीवा नावाची मोजपट्टी आहे. गुण जास्तीत जास्त ६७. आकडा चढला की डॉक्टर लोराझेपाम किंवा डायझेपामसारख्या औषधाचा डोस ठरवतात. खोलीत गलका नको, पण मिणमिणता दिवाही नको. अंधुक उजेडात सावल्यांचे साप होतात. हातपाय बांधणं हा अगदी शेवटचा उपाय.

'आधी सलाईन लावा' हा नातेवाइकांचा लाडका आग्रह. पण रोज पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा, बहुधा खडखडाट असतो. ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो, म्हणून आधी थायमिन.

श्रावण पाळायचा किंवा माळ घालायची म्हणून रोजचा पिणारा एका झटक्यात दारू सोडतो, तेव्हा घरातही हेच घडू शकतं. सोडू नये असं नाही. डॉक्टरांना दाखवून सोडावी. आधी कधी फिट आली असेल तर दवाखान्यातच.

आणि ते 'नकळत दारू सोडवा'वालं चूर्ण! भाजीत काय कालवतोय हे कालवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. डायसल्फिराम हे खरं औषधसुद्धा चोरून देऊ नये. ते घेतलेल्याच्या पोटात दारू गेली की तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधही पुरतं. हे पेशंटला समजावून, त्याच्या संमतीनंच औषध सुरू करायचं असतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे. घरच्यांनीही तिथे फोन करायला हरकत नाही.