लपवलेला अंक आणि नऊचा पाढा

मित्राला कागद-पेन्सिल द्या आणि त्याच्याकडे पाठ करून बसा. त्याला मनात येईल ती चार किंवा पाच अंकी संख्या लिहायला सांगा. सगळे अंक सारखे मात्र नकोत. तेच अंक हवे तसे उलटसुलट करून त्याने दुसरी संख्या तयार करायची आणि मोठीतून लहान वजा करायची. आलेल्या वजाबाकीतल्या एका अंकाभोवती गोल काढून उरलेले अंक कोणत्याही क्रमाने मोठ्याने वाचायचे. गोलातला अंक तुम्ही सांगायचा.

समजा ७३५२ − २५३७ = ४८१५. मित्राने ८ ला गोल केला आणि ५, ४, १ वाचले. बेरीज १०. नऊच्या पाढ्यात १० च्या पुढे १८ येतात. १८ − १० = ८.

हे जमतं कारण १०, १००, १००० यांना ९ ने भागलं की दरवेळी बाकी १ उरते. ७००० म्हणजे ७ × ९९९ अधिक ७. त्यामुळे कुठल्याही संख्येला ९ ने भागून जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेलाही उरते. अंकांच्या जागा बदलल्या तरी बेरीज तीच राहते, म्हणजे दोन्ही संख्यांची बाकी सारखी. एकीतून दुसरी वजा केली की बाकी नाहीशी होते आणि उत्तराला नऊने पूर्ण भाग जातो. अशा उत्तराच्या अंकांची बेरीज नऊच्या पाढ्यातलीच असणार.

घोळ होतो तो शून्यामुळे. वाचलेल्या अंकांची बेरीज ९ किंवा १८ आली, तर लपलेला अंक ० की ९ हे कळायला मार्ग नाही. म्हणून आधीच बजावून ठेवा, शून्याला गोल करायचा नाही. मग अशा वेळी बेधडक ९ सांगा. तीन अंकी संख्याही टाळा. ती कोणी सरळ उलटी लिहिली, तर वजाबाकीत मधला अंक कायम ९ येतो आणि दुसऱ्या खेपेला चाणाक्ष मित्राच्या ते लक्षात येतं.

तरीही उत्तर चुकलं तर मित्राची वजाबाकी तपासा. शेजारच्या घरातून उसना घेतलेला एक कमी करायचा राहिला, तर उत्तर १०, १०० किंवा १००० ने फुगतं, म्हणजे नऊच्या हिशेबात बरोबर १ ने. वरच्या उदाहरणात ४८१५ ऐवजी ४८२५ येईल, तुम्ही ७ म्हणाल आणि गोलात ८ असेल. त्याचा अंक तुमच्यापेक्षा एकाने मोठा निघाला, की उसना विसरल्याचा संशय घ्यायला हरकत नाही.

पुन्हा करून दाखवायचा आग्रह झाला, तर देवळालीच्या शाळेतले गणितशिक्षक द. रा. कापरेकर यांची रीत वापरा. चार अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढता क्रम वजा करायचा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करायचं. तीन अंकी उत्तर आलं तर पुढे शून्य धरायचं. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येऊन थांबतं. ७३५२ ला पूर्ण सात लागतात: ५१७५, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. सातही संख्या नऊच्या पटीतल्या आहेत, त्यामुळे मित्राची मधली एखादी वजाबाकी चुकली, तर अंकांची बेरीज करून बहुतेक वेळा ती तिथल्या तिथे पकडता येते.