टक्केवारीवरचा एजंट भाव चढवतोच?

‘दलाली टक्क्यांवर, म्हणजे एजंट जास्तीत जास्त भाव काढणारच’ असं घर विकणारे सर्रास धरून चालतात. जरा हिशेब मांडा. फ्लॅट १ कोटीचा, दलाली १ टक्का. भाव ५ लाखांनी चढला तर एजंटला जादा मिळतात ५,००० रुपये. तेवढ्यासाठी तो आणखी महिनाभर गिऱ्हाइकं कशाला फिरवेल? त्याला सौदा लवकर मिटायला हवा. त्यात रिसेलमध्ये बरेचदा दलाली दोन्हीकडून. (त्याची चूक नाही, धंदाच तसा आहे.)

म्हणून ऑफर पारखायचं काम तुमचंच. घेणाऱ्या दोन पार्ट्या समोर असतील तर भावाच्या आकड्याआधी त्यांचं कर्जमंजुरीचं पत्र बघा. आणि चढ्या ऑफरमधले ‘थोडे कॅश’ निघाले, तर सरळ नाही म्हणा. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर आयकर कायद्यानुसार तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला होऊ शकतो, एजंटला नव्हे.