रोपित भिंगानंतरचे पारपटलाचे आरोग्य

तीव्र लघुदृष्टी (लांबचे धूसर दिसणे) असलेल्या डोळ्यात नैसर्गिक भिंग तसेच ठेवून जे जादा कृत्रिम भिंग बसवतात, त्याचा पारपटलाच्या, म्हणजे कॉर्नियाच्या, आतील स्तरावर वर्षानुवर्षे होणारा परिणाम हा या नोंदीचा विषय आहे. चष्म्याचा नंबर फार मोठा असेल किंवा पारपटल पातळ असेल, तर लेसर योग्य ठरत नाही आणि अशा वेळी हा पर्याय पुढे येतो. ठाण्यातील आणि नवी मुंबईतील नेत्रचिकित्सालयांत तो मुख्यतः 'आयसीएल' (इम्प्लांटेबल कॉलमर लेन्स) या प्रकारच्या नावाने परिचित आहे.

पारपटलाच्या आतील बाजूस षट्कोनी पेशींचा एकच थर असतो. हा थर पाणी सतत बाहेर खेचून पारपटल पारदर्शक ठेवतो. मेलेल्या पेशींची जागा नव्या पेशी घेत नाहीत. शेजारच्या पेशीच पसरून ती भरून काढतात. तरुणपणी दर चौरस मिलिमीटरला साधारण 2500 ते 3000 पेशी असतात आणि त्या वर्षाला सुमारे 0.6 टक्क्याने घटतात. संख्या 500 ते 800 च्या आसपास उतरली की सूज येऊन दृष्टी धूसर होऊ लागते. पंचविशीत 2700 पेशी असलेल्या व्यक्तीकडे नैसर्गिक गतीने पासष्टीला सुमारे 2100 उरतील, पण भिंगामुळे घट वर्षाला 2 टक्के झाली तर जेमतेम 1200. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बहुधा याच वयात होते आणि तीही काही पेशी घेऊन जाते, म्हणून हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे.

भिंग कुठे बसते यावर बरेच अवलंबून असते. पारपटल आणि परितारिका (बुबुळाचा रंगीत पडदा) यांमधील पुढच्या कप्प्याच्या कोनात टेकणारे 'ॲक्रिसॉफ कॅशे' पेशींच्या ऱ्हासामुळेच बाजारातून मागे घेतले गेले. परितारिकेला चिमट्याने अडकवलेले 'आर्टिसन' पारपटलाच्या जवळ असते, तर आयसीएल परितारिकेच्या मागे असल्याने त्याबाबतीत अधिक सुरक्षित मानले जाते. तरीही पुढच्या कप्प्याची खोली साधारण 3 मिलिमीटरपेक्षा कमी असल्यास धोका वाढतो. डोळे चोळण्याची सवय कोणत्याही भिंगासोबत वाईटच.

स्पेक्युलर मायक्रोस्कोपने (या पेशींचे छायाचित्र घेणाऱ्या यंत्राने) होणारी पेशीमोजणी शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर दरवर्षी व्हावी. एका मोजणीत थोडी चूक राहू शकते, त्यामुळे महत्त्व एका आकड्यापेक्षा वर्षागणिक घटीच्या वेगाला असते. ऐरोली किंवा महापे येथे नोकरीसाठी आलेला तरुण पुढे पुण्याला किंवा परदेशी जातो आणि पहिल्या मोजणीचा कागद जुन्या दवाखान्यातच राहतो. ती छापील प्रत रुग्णाने स्वतःजवळ ठेवणे हा या काळजीचा सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित भाग होय.

घट वेगाने होत असल्यास पारपटल पारदर्शक असतानाच भिंग काढतात. पारपटल धूसर झाल्यानंतर मात्र नेत्रदानातून मिळालेल्या आतील थराचे रोपण करावे लागते.