‘प्रिंट स्क्रीन’ची कळ निकामी नाही

संगणकाच्या पडद्याचे चित्र टिपायचे असेल तर वेगळे सॉफ्टवेअर उतरवून घ्यावे लागते, कारण कीबोर्डवरील ‘प्रिंट स्क्रीन’ ही कळ दाबून काहीच होत नाही, असा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो चुकीचा आहे. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत ही कळ दाबल्यावर आवाज होत नाही की फाइल तयार होत नाही, पण त्या क्षणी संपूर्ण पडद्याचे चित्र क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेली गोष्ट तात्पुरती राहते त्या जागी, गेलेले असते. ‘पेंट’ उघडून कंट्रोल आणि व्ही दाबले की ते समोर येते. मात्र मध्येच दुसरा मजकूर कॉपी केला, तर त्याची जागा तो मजकूर घेतो, आणि बहुधा इथेच कळीला विनाकारण दोष दिला जातो.

थेट फाइल हवी असल्यास विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजची कळ आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबण्याची सोय आहे. चित्र ‘पिक्चर्स’मधील ‘स्क्रीनशॉट्स’ या फोल्डरमध्ये जमा होते. काही लॅपटॉपवर सोबत ‘एफएन’ कळही दाबावी लागते. पडद्याचा ठरावीक भागच हवा असेल, तर विंडोज १० व ११ मध्ये विंडोज, शिफ्ट आणि एस या तीन कळा पुरतात. मॅकवर शिफ्ट, कमांड आणि ४ दाबून हवा तो चौकोन आखला की फाइल, सेटिंग बदललेले नसल्यास, डेस्कटॉपवर येते.

अनोळखी संकेतस्थळावरून उतरवलेल्या फुकट सॉफ्टवेअरला आपला सगळा पडदा पाहू देण्याची जोखीम या कामासाठी घेण्याचे कारण मला तरी दिसत नाही.