संप्रेरक उपचार चालू असताना रजोनिवृत्तीची निश्चिती

रजोनिवृत्ती, म्हणजे रोजच्या बोलण्यातले 'पाळी जाणे', ही नेहमी मागे वळून ठरवली जाणारी घटना आहे. गर्भारपण, स्तनपान, औषध किंवा आजार असे दुसरे कारण नसताना सलग १२ महिने रक्तस्राव झाला नाही, तर त्याआधीची शेवटची पाळी ही रजोनिवृत्तीची तारीख मानली जाते. साहजिकच ही तारीख वर्ष उलटल्याखेरीज कोणालाच सांगता येत नाही. अंडाशयात तयार होणारी संप्रेरके बाहेरून देण्याचा उपचार, ज्याला दवाखान्यात सरसकट एचआरटी म्हणतात, पाळी पुरती थांबण्याच्या आधीच सुरू झाला, तर मात्र वर्ष उलटूनही ती तारीख हाती लागत नाही, कारण जी खूण मोजायची तीच औषधामुळे पुसली जाते.

एचआरटी घेणाऱ्या स्त्रिया हमखास विचारतात, 'मेनोपॉज (म्हणजे रजोनिवृत्ती) संपला का?' या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न दडलेले असतात. अंडाशयांतून बीज सुटणे कायमचे थांबले का, हा पहिला. अंगातून निघणाऱ्या गरम वाफा, रात्रीचा घाम आणि झोपमोड यांतून सुटका झाली का, हा दुसरा. काटेकोर अर्थाने रजोनिवृत्ती हा काळ नसून एक क्षण आहे, त्यामुळे ती 'संपत' नाही; तिच्या अलीकडचा अनियमित पाळीचा संक्रमणकाळ संपतो आणि पलीकडचा काळ आयुष्यभर चालतो. व्यवहारात लोक दोन्ही प्रश्न एकत्र विचारतात आणि उत्तरही एकच मिळावे अशी अपेक्षा करतात, तिथेच गोंधळ सुरू होतो.

गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेन हे अंडाशयाचे संप्रेरक नुसते दिले, तर गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते आणि त्यातून कर्करोगाचा धोका संभवतो. म्हणून त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन किंवा तत्सम औषध, म्हणजे प्रोजेस्टोजेन, द्यावे लागते. पाळी अजून अधूनमधून येत असेल, तर हे दुसरे औषध सहसा महिन्यातले १० ते १४ दिवसच देतात; ही खंडित पद्धत. अशा गोळ्यांच्या काही पाकिटांत दोन रंगांच्या गोळ्या असतात: पहिले १४ दिवस एका रंगाच्या, पुढचे १४ दिवस दुसऱ्या रंगाच्या. दुसरा रंग संपत आला की, किंवा नवे पाकीट उघडल्यावर दोनचार दिवसांत, रक्तस्राव होतो. भिंतीवरच्या कालनिर्णयावर वर्षानुवर्षे तारखेला गोल करत आलेल्या बाईला तो पाळीसारखाच वाटतो, किंबहुना पूर्वीच्या बेभरवशाच्या पाळीपेक्षा अधिक नियमित. प्रत्यक्षात तो औषधाने आणलेला रक्तस्राव असतो. खालची अंडाशये वर्षापूर्वीच थकून थांबलेली असली, तरी गोळ्यांचे वेळापत्रक चालू आहे तोवर तो येत राहतो.

दोन्ही औषधे रोज, खंड न पाडता घेण्याची दुसरी, अखंड पद्धत आहे. तीत अस्तर पातळ राहते आणि पहिल्या काही महिन्यांतला तुरळक डाग सोडला तर रक्तस्राव बंद होतो. इथे चूक उलट्या बाजूने होते: रक्त दिसत नाही म्हणून पाळी गेली असे गृहीत धरले जाते. लेव्होनॉरजेस्ट्रेल हे प्रोजेस्टोजेन सोडणारे साधन गर्भाशयात बसवले असेल, तेव्हाही हेच होते. थोडक्यात, स्राव आला म्हणून अंडाशये चालू आहेत असे नाही आणि थांबला म्हणून ती बंद पडली असेही नाही.

मग रक्त तपासून का पाहू नये, असे सुचणे स्वाभाविक आहे. अंडाशये मंदावली की मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी त्यांना चालना देणारे एफएसएच हे संप्रेरक अधिकाधिक सोडते. दर लिटरमागे ३० एककांच्या वरचा आकडा रजोनिवृत्तीकडे बोट दाखवतो. परंतु ही ग्रंथी रक्तातले इस्ट्रोजेन पाहून काम करते, ते अंडाशयातून आले की गोळीतून, याची तिला फिकीर नसते. औषध चालू असताना आकडा त्यामुळे खोटा कमी येऊ शकतो. काही आठवडे औषध बंद ठेवून तपासणी करता येते, पण संक्रमणकाळात हेच मूल्य एका महिन्यात चढते आणि पुढच्या महिन्यात उतरते, म्हणून एका चढ्या आकड्यावर निकाल देता येत नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१५ च्या मार्गदर्शनात ४५ वर्षांवरील स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीच्या निदानासाठी ही चाचणी करू नये असेच म्हटले आहे. तरीही ती सर्रास लिहून दिली जाते, हे खेदाचे आहे.

राहतो तो वयाचा आधार, आणि तो ओबडधोबड असला तरी सर्वांत भरवशाचा ठरला आहे. ब्रिटिश व्यवहारात ५४ व्या वर्षापर्यंत सुमारे ८० टक्के स्त्रियांची रजोनिवृत्ती झालेली असते असे धरून खंडित पद्धतीवरून अखंड पद्धतीवर आणण्याचा निर्णय घेतात. पाश्चात्त्य देशांत रजोनिवृत्तीचे सरासरी वय ५१ च्या आसपास आहे. भारतात ते ४६-४७ च्या घरात येते, त्यामुळे तिकडचे आकडे इथे जसेच्या तसे लावताना ही तफावत ध्यानात ठेवायला हवी.

ही निश्चिती केवळ कुतूहलापोटी करायची नसते. एचआरटीतील मात्रा बीज सुटणे खात्रीने रोखत नाही, म्हणजेच हा उपचार गर्भनिरोधक नव्हे. एरवीचा नियम असा की शेवटची पाळी पन्नाशीआधी आली असेल तर पुढे २ वर्षे, आणि पन्नाशीनंतर आली असेल तर १ वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवावे. उपचारामुळे शेवटची पाळीच ओळखता येत नसेल, तर ५५ वर्षे ही मर्यादा मानतात, कारण त्या वयानंतर नैसर्गिक गर्भधारणा अत्यंत विरळ असते.

गर्भाशय काढलेल्या स्त्रीची स्थिती निराळी. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा तरुण वयात 'पिशवी काढल्यावर' काय होते याची थोडीफार चर्चा झाली. अंडाशये जागेवर ठेवली असतील तर पाळी बंद होऊनही ती काही वर्षे काम करतात, आणि त्यांचे थांबणे कोणत्याही रक्तस्रावातून कळत नाही. दोन्ही अंडाशये काढली असतील, तर मात्र शस्त्रक्रियेचा दिवस हीच रजोनिवृत्तीची तारीख. इथे शंकेला जागा नसते.

दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे त्रास सरला का याचे उत्तर औषध थांबवल्याखेरीज मिळत नाही. अमेरिकेतील स्वॅन या दीर्घकालीन पाहणीच्या २०१५ च्या निष्कर्षांनुसार, वारंवार वाफा येणाऱ्या स्त्रियांमध्ये हा त्रास मध्यकाने (म्हणजे निम्म्या जणींत याहून कमी, निम्म्या जणींत जास्त) ७.४ वर्षे टिकला, आणि शेवटच्या पाळीनंतर तो मध्यकाने साडेचार वर्षे राहिला. म्हणून ५० व्या वर्षी सुरू केलेले औषध ५२ व्या वर्षी सोडल्यावर वाफा परतल्या, तर अंडाशये पुन्हा जागी झाली असा त्याचा अर्थ नसतो. झाकलेले दिसू लागले, एवढेच. मात्रा हळूहळू उतरवली तर परतीचा पहिला झटका सौम्य राहू शकतो, मात्र पुढच्या काळात एकदम थांबवण्याच्या तुलनेत फरक उरत नाही. योनीचा कोरडेपणा मात्र वाफांसारखा काळाबरोबर ओसरत नाही, आणि त्यासाठी अल्प मात्रेचे स्थानिक इस्ट्रोजेन वेगळे चालू ठेवता येते.

औषध थांबल्यावर शेवटचा एक स्राव येऊन गेला की १२ महिन्यांची मोजणी नव्याने करता येते. त्यानंतर, किंवा अखंड पद्धतीवर स्थिरावल्यानंतर सहा महिन्यांनी, रक्त दिसले तर ते परतलेली पाळी म्हणून सोडून देऊ नये. सोनोग्राफीने अस्तराची जाडी पाहून, गरज वाटल्यास त्याचा तुकडा तपासायला पाठवणे हा ठरलेला मार्ग आहे.